फलक रंगवण्याचे काम शिकण्यासाठी उस्ताद कसा शोधावा, आणि त्याच्याकडे काय मागावे?

काना-मात्रा

नमस्कार. बोरू आणि सुलेखन यांविषयी या मंचावर पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु कुंचल्याने फलक रंगवण्याच्या कामावर स्वतंत्र धागा आढळला नाही, म्हणून हा उघडत आहे.

गेली पाच वर्षे मी कटनिबने (रुंद, कापलेल्या टोकाच्या निबने) अक्षरे लिहिते आणि संगणकावर मांडणीची कामे करते. आठ महिन्यांपूर्वी कुंचला हाती घेतला आणि आपल्याला काहीच येत नाही हे कळून चुकले. कागदावर जे अक्षर डोळे मिटूनही उमटते, तेच पत्र्यावर इनॅमलने (चकचकीत तैलरंगाने) काढू लागले की काना वर भरलेला आणि खाली विरलेला दिसतो, वळणावर कुंचल्याचे केस फाकतात आणि कडा करवतीसारखी होते. चित्रफिती पाहून झाल्या. त्यांतला माणूस सहज हात फिरवतो, माझा फिरत नाही, आणि नेमके काय चुकते ते सांगायला जवळ कोणी नाही.

म्हणून दोन साईन पेंटरांना जाऊन भेटले. पहिल्यांनी कामातून मान वर न करताच "शिकवायला वेळ नाही" असे सांगितले. दुसऱ्यांनी माझे काम पाहायला मागितले. मी मोबाइलवरचे सुलेखनाचे उत्तम नमुने दाखवले. त्यांनी कौतुक केले, "तुम्हाला तर सगळे येते" असे म्हणाले आणि विषय संपवला.

माझे प्रश्न असे आहेत. उस्तादाकडे जाण्यापूर्वी घरी कितपत तयारी करावी? त्याला विचारावे तरी कसे? आणि बदल्यात फुकट राबण्याची तयारी ठेवणे योग्य आहे का?

जुना कुंचला

ताई, तुमच्या मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तेथेच बहुतेकांची गाडी अडते.

पेंटर नकार देतो तो दरवेळी विद्या लपवण्यासाठी देत नाही. शिकणारा सोबत असला की एका दिवसाचे काम दीड दिवसावर जाते, सांडलवंड वाढते, आणि रंग एकदा कालवला की तो प्रश्नोत्तरांसाठी थांबत नाही. "मला शिकवा" या दोन शब्दांत समोरच्याला निदान दोन वर्षांचे ओझे दिसते. त्याऐवजी एखादी लहान, संपणारी गोष्ट मागावी. आपला सर्वांत चांगला नमुना घरी ठेवून सर्वांत फसलेला पत्रा काखेत मारून जा आणि एवढेच विचारा की ही कडा अशी का झाली. चांगला नमुना पाहून माणूस स्तुती करतो आणि मोकळा होतो. दुसऱ्या गृहस्थांनी तुमच्या बाबतीत नेमके तेच केले. फसलेला नमुना पाहिला की ज्याने आयुष्यभर हेच केले आहे त्याचा हात आपोआप कुंचल्याकडे जातो. निदान करायला दोन मिनिटे लागतात, आणि त्या दोन मिनिटांसाठी सहसा कोणी नाही म्हणत नाही.

वेळही पाहून जावे. ऊन तापण्यापूर्वीचे तास अक्षरांचे असतात, कारण पत्रा तापला की रंग ओढल्यासारखा होतो. अशा वेळी गेलात तर "वेळ नाही" हेच उत्तर मिळणार आणि ते खरेही असणार. तो पत्रे घासत असेल, अस्तर मारत असेल किंवा कुंचले धूत असेल, तेव्हा त्याचे हात गुंतलेले असतात पण तोंड मोकळे असते.

दोन-तीन वेळा असे गेल्यावर शिकवणी न मागता काम मागावे. पत्रे घासून देते, अस्तर मारून देते, सुतळी धरते, असे सांगावे. हे हमालीचे काम आहे अशी अनेकांची समजूत असते. माझीही होती. पहिल्या वर्षी मी घासणे, खड्डे-भेगा बुजवायला लांबी (पुटी) भरणे आणि अक्षरांच्या पोटात रंग भरणे याखेरीज काही केले नाही, आणि मनातल्या मनात उस्तादांना पुष्कळ बोल लावले. पुढे कळले की जुन्या चकचकीत रंगावर ३२० नंबरचा पॉलिशपेपर पाण्यात भिजवून नीट फिरवलेला नसेल, तर नवा रंग पृष्ठभागाला धरत नाही, घसरतो. मग कितीही तरबेज हात असला तरी कडा फाटकीच येते. तुमच्या करवतीसारख्या कडेचे कारण अर्धे हातात आणि अर्धे पृष्ठभागात असेल, असा माझा अंदाज आहे.

रंग भरण्याचेही तसेच आहे. उस्ताद किनार काढून पुढे सरकत आणि मी मागून भरत येई. किनार ओली असतानाच भरावे लागते, नाहीतर वाळलेल्या कडेवर उंचवटा राहतो आणि तो उन्हात स्पष्ट दिसतो. त्या घाईत हजारो अक्षरांच्या आतल्या मोकळ्या जागा माझ्या डोळ्यांखालून गेल्या. 'व'चे पोट किती मोठे ठेवले की तो दुरून 'ब' वाटत नाही, हे मला कोणी सांगितले नाही, ते भरता भरता कळले.

तिरकी रेघ

जुना कुंचला यांच्या अनुभवाचा आदर राखून थोडी असहमती नोंदवतो. वर्षभर पोटे भरायला लावणे ही काही ठिकाणी विद्या असते आणि काही ठिकाणी निव्वळ फुकटची मजुरी असते, आणि शिकणाऱ्याला आतून त्यांतला फरक कळत नाही. मीही दीड वर्ष एके ठिकाणी राबलो. शेवटी निघताना हिशेब केला तेव्हा पूर्ण अक्षर माझ्या हातून एकदाही काढून घेतले गेले नव्हते, आणि मी काढलेल्या रेघेकडे कोणी पाहिलेही नव्हते.

म्हणून माझे मत असे आहे की मजुरी आणि शिकवणी हे दोन व्यवहार पहिल्याच दिवशी वेगळे करावेत. घासणे, अस्तर, सामान उचलणे ही कामे मालकाला लागतात, त्यांचा मोबदला ठरवून घ्यावा. शिकवणीचा वेळही ठरवून घ्यावा: आठवड्यातून एक तास तुम्ही रेघा ओढाल आणि ते पाहतील. मोबदला पैशांऐवजी या तासाच्या रूपाने मिळाला तरी हरकत नाही, पण तो तास ठरलेला असावा आणि मिळावा. "जमेल तसे दाखवीन" हा करार नव्हे.

आता घरच्या तयारीविषयी. उस्तादाकडे जाण्यापूर्वी तीन महिने घरी काढावेत, असे मला वाटते, कारण मूळ फटके उस्तादाच्या वेळात शिकणे म्हणजे दोघांचाही वेळ वाया घालवणे आहे. रद्दी वर्तमानपत्र आडवे धरले की छापील मजकुराच्या स्तंभांमधल्या रेषा आपोआप आखणीच्या ओळी होतात. ते तिरप्या फळीवर चिकटवावे, पोस्टर कलर पातळ सायीइतका कालवावा आणि चपट्या कुंचल्याने केवळ सहा फटके गिरवावेत: उभा, आडवा, दोन तिरपे, डावा अर्धगोल आणि उजवा अर्धगोल. कुंचला नेहमी ओढावा, ढकलू नये. बोटे स्थिर ठेवून हात खांद्यापासून हलवावा. कटनिबवाल्यांना हेच सर्वांत जड जाते, कारण त्यांचे सारे कसब मनगटात साठलेले असते.

पोस्टर कलरवर हात बसला की इनॅमलकडे वळावे. पत्रे खराब करण्यापेक्षा खिडकीच्या काचेचा एक तुकडा घ्यावा, त्याच्या कडा नीट घासून बोथट कराव्यात, खाली छापील किंवा हाताने काढलेला नमुना ठेवावा आणि वर काचेवर रंगवावे. टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसले की पाटी पुन्हा कोरी. मी एकाच काचेवर एक हिवाळा काढला आहे.

कोरा फळा

माफ करा, फार प्राथमिक प्रश्न आहे. कुंचला नेमका कोणता घ्यावा? दुकानात चित्रकलेचे म्हणून जे गोल कुंचले मिळतात त्यांनी चालेल का?

जुना कुंचला

प्राथमिक नाही, मुळाचा प्रश्न आहे. चित्रकलेचा गोल कुंचला टोकाकडे निमुळता होतो, त्यामुळे दाब जरा बदलला की रेघेची रुंदी बदलते. अक्षरांसाठी जो वापरतात त्याचे केस लांब असतात आणि टोक पटाशीसारखे सरळ कापल्यागत असते. त्याला क्विल म्हणतात, कारण पूर्वी केस पक्ष्याच्या पिसाच्या नळीत बसवत असत. केस बहुधा खारीचे असतात. ते मऊ असतात, पुष्कळ रंग धरून ठेवतात आणि रेघेच्या शेवटापर्यंत तो सावकाश सोडतात. खडबडीत भिंतीवर मात्र हे केस टिकत नाहीत. तेथे आखूड, राठ केसांचा चपटा कुंचला हवा.

गोल दांड्याचा उपयोगही समजून घ्यावा. वळण घेताना अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दांडा किंचित फिरवला जातो, म्हणजे केसांची धार वळणाच्या दिशेने वळत राहते. तुमच्या वळणावर केस फाकतात, ताई, ते याच कारणाने. हात वळतो पण कुंचला वळत नाही.

रंग थेट डब्यातून घेऊन लावू नये. कुंचला बुडवल्यावर गुळगुळीत पुठ्ठ्यावर दोन्ही बाजूंनी पुढेमागे फिरवावा, म्हणजे रंग केसांत सारखा मुरतो आणि धार तयार होते. काम झाल्यावर टर्पेंटाइनमध्ये नीट धुऊन, केसांना न वाळणारे तेल चोळून, धार सरळ करून आडवा ठेवावा. उभा ठेवलेला कुंचला एका रात्रीत वाकतो. येथे जवसाचे तेल वापरू नये. ते वाळते आणि कुंचल्याची काडी होते. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा ढीगही करू नये, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवाव्यात.

जाता जाता आणखी एक सांगतो, कारण हे शिकवत नाही तो उस्ताद माझ्या मते अर्धाच. जुने फलक कोरडे घासू नयेत. जुन्या पिवळ्या रंगात बहुधा शिशाचा क्रोमेट असतो आणि जुन्या पांढऱ्यात शिशाचा सफेदा. पाणी मारून घासावे, नाकातोंडावर मुखपट्टी असावी, आणि कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरण्याची खोड कोणाला असेल तर तिचे अनुकरण करू नये. शिडीही नीट लावावी: वर चार फूट तर पायथा भिंतीपासून एक फूट, या हिशेबाने.

सोनेरी वर्ख

मी मुख्यत्वे काचेवरचे वर्खाचे काम करते. वरील चर्चेत "उस्ताद" हा शब्द सगळीकडे एकवचनी आला आहे, त्याविषयी लिहावेसे वाटले.

हा एकच धंदा नाही. भिंतीवर मोठी अक्षरे काढणारा, वाहनांवर नक्षी काढणारा आणि काचेच्या मागून सोने चढवणारा हे एकमेकांच्या कामात बरेचदा नवशिके असतात. मला अक्षर एकाने शिकवले, वर्ख दुसरीने, आणि रंग कालवणे अशा माणसाने शिकवले जो अक्षरे काढतच नाही, फक्त फर्निचर रंगवतो. तिघांकडेही मी पूर्णवेळ कधीच नव्हते.

काचेवरच्या वर्खाची कृती कागदावर चार ओळींत मावते. जिलेटीनच्या एक-दोन कॅप्सूल अर्धा लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवाव्यात, ते पाणी स्वच्छ काचेच्या मागच्या बाजूस सोडावे, चपट्या मऊ कुंचल्याने वर्खाचे पान उचलून जवळ न्यावे, आणि काच ते स्वतःच ओढून घेते. वाळल्यावर भेगा आणि भोके झाकण्यासाठी दुसरा थर चढवावा, मग त्यावर अक्षरे उलटी रंगवावीत आणि बाहेरचे सोने ओल्या कापसाने पुसून टाकावे. पान मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतके पातळ असते. मी ही कृती वाचून पहिल्यांदा केली तेव्हा सोने काळपट आणि डागाळलेले दिसले, आणि सहा महिने मी वर्खालाच दोष देत राहिले. जिच्याकडे शेवटी गेले तिने काच उलटी करून पाहिली आणि विचारले, "पाणी नळाचे का?" होते नळाचेच. काचही मी साबणाने धुतली होती आणि साबणाचा अंश राहिला होता. ही गोष्ट कृतीत लिहिलेली होती, मीच ती महत्त्वाची मानली नव्हती.

धंद्यातले लोक विद्या लपवतात ही तक्रार सर्वत्र जुनी आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेतील डेन्व्हर येथे काही तरुण साईन पेंटरांनी यावर स्वतःच उपाय काढला. कामाची वेळ संपल्यावर ते एकत्र जमून एकमेकांना जे येते ते दाखवू लागले, जुन्या जाणत्यांना बोलावू लागले. त्यातूनच लेटरहेड्स ही चळवळ वाढली आणि तिच्या बैठका पुढे अनेक देशांत होऊ लागल्या. तेथे जमलेला प्रत्येकजण काही वेळ गुरू आणि काही वेळ शिष्य असतो. अशी चार माणसे जवळपास मिळाली तर महिन्यातून एकदा एकाच फळीवर सगळ्यांनी रंगवावे, एवढ्याने सुरुवात होते. दुसरे उदाहरण ब्यूनोस आयर्सच्या फिलेतेआदो या रंगकलेचे आहे. गाड्या सजवण्याच्या कारखान्यांत जन्मलेली ही कला शाळेबाहेरच, हातातून हातात पोचत राहिली आणि २०१५ साली युनेस्कोने तिला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. १९७५मध्ये त्याच शहरात बसगाड्यांवर ती रंगवायला बंदी झाली होती, तरी ती गेली नाही.

कोरा फळा

विषय सोडून विचारतो, पण विनायलच्या (यंत्राने कापून चिकटवायच्या प्लास्टिक अक्षरांच्या) काळात हे शिकून पुढे काय?

तिरकी रेघ

संगणकावर चालणारी विनायल कापण्याची यंत्रे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आली आणि त्यानंतर हाताने फलक रंगवणारी दुकाने बंद पडली, हे खरेच आहे. उस्ताद शोधणे आज इतके कठीण आहे याचे मुख्य कारणही तेच: जे साठीच्या पुढे आहेत त्यांच्यानंतरची पिढीच शिकली नाही. त्या प्रश्नावर मात्र वेगळा धागा काढावा, येथे नको.

मला खरे तर मृत उस्तादांविषयी लिहायचे होते. जिवंत माणूस मिळत नसेल तेव्हा जुना फलक शिकवतो, फक्त तो वाचता आला पाहिजे. एडवर्ड कॅटिच हे नाव काहींनी ऐकले असेल. तरुणपणी शिकागोत फलक रंगवणारा हा माणूस पुढे कॅथलिक धर्मगुरू झाला. रोममधील सम्राट ट्राजनच्या स्तंभाच्या पायथ्याशी इसवी सन ११३मधला कोरीव लेख आहे. शेकडो वर्षे विद्वान त्याच्याकडे छिन्नीचे काम म्हणून पाहत आले. कॅटिच यांनी त्याचे ठसे घेतले, अक्षरांची जाडी कोठे वाढते आणि कोठे घटते ते तपासले, आणि असे मांडले की ही अक्षरे दगडावर आधी चपट्या कुंचल्याने लिहिली गेली आणि मग कोरली गेली; रोमन अक्षरांच्या टोकांना असणारी ती प्रसिद्ध लहान पावले (सेरिफ) म्हणजे कुंचला टेकवताना आणि उचलताना दिलेला पीळ आहे. १९६८मध्ये त्यांनी हे पुस्तकरूपाने मांडले. ज्याच्या स्वतःच्या बोटांत तो पीळ होता, त्यालाच तो दगडात दिसला.

आपण हेच लहान प्रमाणात करू शकतो. हाताने रंगवलेला जुना फलक सकाळी किंवा संध्याकाळी, प्रकाश तिरपा पडत असताना, अगदी बाजूने पाहावा. रंगावर रंग कोठे चढला आहे, फटका कोठे सुरू झाला, कोठे कुंचला पुन्हा भरला, ते उंचवट्यांवरून कळते. मग तीच अक्षरे त्याच क्रमाने काढून पाहावीत. रंग विटलेला असेल तर आणखी चांगले, कारण वरचा थर उडाल्यावर खालची आखणी दिसू लागते.

काना-मात्रा

सर्वांचे मनापासून आभार. एक अडचण कोणीच मांडलेली नाही. मी पाहिलेले जवळजवळ सर्व धडे रोमन अक्षरांचे आहेत. फटके तेच असले तरी मांडणी देवनागरीला लागू पडत नाही असे वाटते. हा माझा भ्रम आहे का?

जुना कुंचला

भ्रम नाही. रोमन अक्षर खालच्या रेषेवर उभे असते, आपले अक्षर वरच्या रेषेला टांगलेले असते, आणि सगळा फरक येथून सुरू होतो. रोमन मोठ्या अक्षरांना वर एक आणि खाली एक अशा दोन रेषा पुरतात. देवनागरीला शिरोरेखेची वरची कड, तिची खालची कड, अक्षराचा तळ, वरच्या मात्रा-वेलांट्यांची हद्द आणि खालच्या उकारांची हद्द अशा पाच रेषा मारल्याशिवाय मी मोठ्या फलकाला हात लावत नाही. मजकुराच्या पट्टीचे सहा भाग केले तर तीन भाग अक्षराच्या अंगाला, दीड वर आणि दीड खाली असा माझा ढोबळ हिशेब आहे. दर दहा फूट अंतराला एक इंच उंची हा जो वाचनीयतेचा ठोकताळा सांगतात, तो आपल्याकडे अक्षराच्या अंगाला लावावा, पूर्ण पट्टीला नव्हे; नाहीतर अक्षर अपेक्षेच्या निम्म्याने लहान होऊन बसते. नवशिक्यांचे फलक बारीक दिसतात ते यामुळेच.

मोठी किंवा पुन्हा पुन्हा लागणारी मांडणी असेल तर ती कागदावर पूर्ण काढावी, रेषांवरून सुईच्या चाकाने भोके पाडावीत आणि कागद फलकावर लावून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावरून थोपटावी. ठिपक्यांची आखणी उतरते आणि नंतर पुसलीही जाते.

शिरोरेखा आधी की शेवटी, यावर दोन पंथ आहेत. मी ज्यांच्याकडे शिकलो ते आधी मारत, मी शब्द पुरा करून शेवटी मारतो, म्हणजे ती एका दमात जाते आणि अक्षरांची डोकी ओली असल्याने सांधा दिसत नाही. कोणत्याही उस्तादाला भेटाल तेव्हा हा प्रश्न अवश्य विचारा. त्याच्या उत्तरापेक्षा तो कारण देतो की नाही, ते पाहा.

शिरोरेखा एका दमात मारण्याचा एक धोका आहे. आपल्याकडे 'ध'चा 'मा' करणे प्रसिद्ध आहे. फलकावर 'ध'चा 'घ' व्हायला एक इंच जास्तीची रेघ पुरते. 'ध', 'भ' आणि 'थ' यांच्या डोक्यावरची फट सोडायची असते हे ठाऊक असूनही मी शिकाऊ असताना एका दुकानाच्या फलकावर जोशात रेघ ओढली आणि 'धन'चे 'घन' केले. उस्तादांनी काही न बोलता टर्पेंटाइनचा बोळा माझ्या हातात दिला. रंग ओला होता म्हणून वाचलो.

तिरकी रेघ

यात भर घालतो. हनीफ कुरेशी यांनी भारतातील पेंटरांची अक्षरे संगणकीय टंकांच्या (फॉन्टच्या) रूपात जपण्याचा 'हँडपेंटेडटाइप' हा प्रकल्प केला, तो अभ्यासासाठी पाहण्यासारखा आहे. त्यावरून गिरवताना एवढेच ध्यानात ठेवावे की टंकातला 'क' प्रत्येक शब्दात तोच असतो, पेंटरचा 'क' शेजारच्या अक्षराला पाहून अंग चोरतो किंवा पसरतो. दोन काने शेजारी आले की त्यांच्यात जागा जास्त सोडावी लागते, गोल अक्षरे शेजारी आली की कमी. हे मोजपट्टीने जमत नाही. फळीपासून दहा पावले मागे जाऊन डोळे बारीक करून पाहावे.

काना-मात्रा

चार महिन्यांनी पुन्हा लिहीत आहे.

जुना कुंचला यांनी सांगितल्याप्रमाणे फसलेला पत्रा घेऊन तिसऱ्या एका पेंटरकाकांकडे दुपारी गेले. ते कुंचले धूत होते. त्यांनी पत्रा उजेडात तिरपा धरला, कडेवरून नख फिरवले आणि म्हणाले, "कुंचला उपाशी आहे." मी केवळ टोक बुडवून लिहीत होते, निबला शाई घ्यावी तसे. त्यांनी केसांच्या दोनतृतीयांशापर्यंत रंग घ्यायला लावला, पुठ्ठ्यावर मुरवायला लावला, आणि पुढचा काना वरपासून खालपर्यंत एकसारखा आला. आठ महिन्यांचा प्रश्न दोन मिनिटांत सुटला, हे येथे सांगितलेले अक्षरशः खरे ठरले.

आता आठवड्यातून दोन दिवस मी त्यांच्याकडे पत्रे घासते आणि अस्तर मारते. तिरकी रेघ यांच्या सल्ल्याप्रमाणे तासाचा विषय काढला. धीर एकवटायला तीन आठवडे लागले. काका हसले आणि शनिवारची संध्याकाळ ठरली. त्या तासात ते फारसे बोलत नाहीत. एकदा मी 'ठ' काढत असताना त्यांनी नुसता माझ्या कोपराखाली तळवा धरला. कोपर खाली पडत होते हे मला तोवर माहीतच नव्हते. चित्रफितीतल्या माणसाला माझे कोपर कधी दिसणार होते? इतर दिवशी मी आता मोबाइल बाजूला उभा करून स्वतःच्या हाताचे चित्रण करते आणि ते काकांना दाखवते.

शिरोरेखेचा प्रश्न विचारला. ते आधी मारतात. कारण विचारल्यावर म्हणाले, भिंत ओबडधोबड असली की टांगायला आधी खुंटी हवी. गुळगुळीत पत्र्यावर तेही शेवटी मारतात.

ग्राहकाच्या फलकावर अक्षर काढायला अजून परवानगी नाही, भरायला आहे. सध्याची अडचण कान्याच्या तळाची आहे. रेघ एकसारखी येते पण तळाशी थेंबासारखी फुगते. काका म्हणतात, "थांबतेस म्हणून." पण न थांबता थांबावे कसे?

जुना कुंचला

रेषेपर्यंत ओढून तेथे दाबून थांबत असाल. रेषेच्या केसभर अलीकडे दाब कमी करत कुंचला उचला, तळ थोडा तुटका राहू द्या. मग कुंचल्याची धार आडवी धरून एका लहान आडव्या फटक्याने तो तळ छाटल्यासारखा बंद करा. कोपरे त्या दुसऱ्या फटक्याने येतात.

सोनेरी वर्ख

शिवाय रंग किंचित जास्त पातळ झाला असेल तरीही तळाशी उतरतो. शनिवारी काकांच्या डब्यातल्या रंगाने आणि तुमच्या रंगाने शेजारी शेजारी दहा-दहा काने ओढून पाहा, म्हणजे दोष हाताचा की रंगाचा ते कळेल.

काना-मात्रा

दोन्ही करून पाहते. उद्या चौदा पत्रे घासायचे आहेत. शनिवारी संध्याकाळी तिरप्या उजेडात दोन्ही रांगांचे छायाचित्र काढून येथे टाकते.